लेकीच्या गावात भाड्याची खोली

६ नोव्हेंबर, गुरुवार

जयवंता हो म्हणाली! भाकर थापता थापता, वर न बघता — "जाऊ एकडाव कामाख्येले."

चार वर्षं मी हेच म्हणून राह्यलो. चार वर्षं तिचं ठरलेलं — गुडघे दुखते, घर कोण पाहीन, एवढ्या लांब कोण जाते. आणि आज आपणहून. मी ताटावरून उठलोच नाही. उठलो तर ही विचार बदलेल असं वाटलं. एक भाकर जास्तीची खाल्ली.

पण अट आहे. राहायचं लॉजवर. लेकीच्या, मयूरीच्या घरी नाही. तिच्या घरचं अन्न नाही, पाणी नाही. मयूरीनं मंदिरावर यावं, तिथं भेटावं, तिथंच आपल्याजवळ बसावं.

पोरगा भारत दुकानातून जेवायला आला होता. म्हणाला, ताईचं दुमजली घर आहे गुवाहाटीत अन् तुमी लॉज पाहता? आईनं त्याच्या ताटात भाकर अशी टाकली की पोरगं मान खाली घालून जेवू लागलं.

रीत मलाही माहीत आहे. लेकीला लेकरू झाल्याबिगर आईबापानं तिच्या घरचं पाणी पिऊ नये. आता कोण पाळतं? आमच्या बेल्यातले अर्धे आईबाप पोरींकडे हैदराबादला जाऊन महिना महिना राहतात, फ्रिज उघडून पाणी पितात अन् वर येऊन सांगतात की जवायानं कुलर घेतला. जयवंता पाळते. तिच्याशी यावर वाद घालून मी म्हातारा झालो.

मयूरी बासरच्या कॉलेजात शिकली, हैदराबादला नोकरी लागली, तिथं प्रांजित भेटला. पोरगा चांगला. आदिलाबादला लग्न लावलं, जयवंतानं स्वतः ओवाळलं त्याला. मग त्याची बदली झाली त्याच्याच गावी, गुवाहाटीला. तेव्हापासून ती तिकडं, आम्ही इकडं.

आणि मी तीस वर्षं आसामची चहापत्ती विकतो! पोत्यावर गुवाहाटी छापलेलं असतं. आधी कधी वाचलंही नव्हतं. पोर तिकडं गेल्यापासून पोतं फोडायच्या आधी त्या अक्षरांवरून हात फिरवतो. भारतनं एकदा पाह्यलं. सुरी आणून दिली.


९ नोव्हेंबर

हॉटेल शब्दानं घोळ केला. मी म्हटलं, हॉटेल बुक करावं लागते. जयवंता म्हणे, "हॉटेलात? बाकड्यावर झोपाव काय?"

तिचं काय चुकलं? बेल्यात हॉटेल म्हणजे चहा अन् भजे. माझंही हॉटेलच होतं — एक स्टोव्ह, एक किटली, बसस्टँडच्या भिंतीला टेकून. त्या बाकड्यावर मी झोपलेलो आहे, थंडीत, किटली पोटाशी धरून. ती आठवण काढून दोघंही हसलो. कितीतरी दिवसांनी हसली बाई.


१२ नोव्हेंबर

चंपतरावांना गाठलं. ते यात्रा कंपनीच्या गाडीनं सगळा भारत फिरून आलेत, कामाख्याही करून आले. दुकानात बसवून त्यांना आल्याचा चहा पाजला. एका कपात काशी ऐकली, दुसऱ्यात पुरी. कामाख्येला पोचायला तिसरा कप लागला.

सांगितलं ते कामाचं. स्टेशनच्या बाजारातले लॉज स्वस्त, पण रात्रभर गलका. वर डोंगरावर धर्मशाळा आहेत, पण जिने फार. खालच्या वस्तीत घ्या. गरम पाणी मिळते काय ते आधी विचारा — "मिलेगा" म्हणते, मंग बादलीचे वेगळे पैसे घेते. आणि मासोळीचा वास. तिकडं सगळ्या स्वयंपाकघरांत मासोळी. वहिनीले चालन काय?

मी म्हटलं, सवय करू.

मग कप खाली ठेवून म्हणाले, "पण भगवंतराव, पोरगी तठीच हाये न तुमची? मंग लॉज कायले—"

आणि स्वतःच थांबले. त्यांना आठवलं. बेल्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, तेच वाईट. कोणी पुढं विचारत नाही. नुसतं कपात पाहतात.


१५ नोव्हेंबर

आज चार-पाच लॉजला फोन लावले. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर असतानाच नुसत्या "पत्ती काय भाव?" वरून मला कळतं की घेणार की नुसतं विचारणार. तोच कान लावला.

एक म्हणाला, साहब, एकदम शांत जगह. त्याच्या मागं गाडीची घोषणा चालू होती, कितवा फलाट तेही ऐकू आलं.

दुसरा म्हणाला, रूम से पहाड़ दिखता है. त्याच्या मागं ट्रकचे हॉर्न. असेल, ट्रकमागं पहाड असेल.

तिसऱ्यानं सगळ्याला हो म्हटलं. गरम पाणी? हो. शाकाहारी? हो. खालचा मजला? हो. मी म्हटलं, हत्ती बांधायला जागा? तेही हो म्हणाला. ठेवला फोन.

भारत म्हणे, बाबा, आता लोक ॲपवर फोटो पाहून घेतात. मी म्हटलं, फोटो खोटं बोलतो, आवाज नाही बोलत.


१६ नोव्हेंबर, रविवार

मयूरीला सांगितलं.

दुपारपासून मनात जुळवत होतो. तुझी आई अशी आहे, तिचं मन मोडू नको, आपण मंदिरावर रोज भेटू. ती चिडेल. रडेल कदाचित. म्हणेल, माह्याच गावात तुमी भाड्यानं राह्याल काय? त्याचं उत्तरही तयार ठेवलं होतं.

ती म्हणाली, "बरं बाबा. तुमाले जसं सोयीचं."

बस. एवढंच. मग गुडघ्यांचं विचारलं, दुकानाचं विचारलं, थंडीचे कपडे आणा म्हणाली. आवाज पाण्यासारखा सरळ. मी तयार ठेवलेलं उत्तर वाया गेलं.

भांडली असती तर बरं होतं. ज्याचं आपल्याकडं काहीच घेणं उरलं नाही, ते माणूस असं बोलतं. पोर दूर गेली हे आज कळलं. आतापर्यंत नुसती लांब होती.

दोष तरी कोणाला देऊ? दोनदा राह्यलं तिला अन् दोनदा गेलं. दुसऱ्या वेळी तर दवाखान्यात होती आठवडाभर. आईनं जायला नको होतं का? जयवंता फोन मांडीवर घेऊन बसून राहायची. रात्री उठून पाहिलं तर बाई ओट्यावर बसलेली, फोन पदरात गुंडाळून. जा म्हटलं. तिकीट काढतो म्हटलं. म्हणे, "जाऊन उपाशी बसू काय तिच्या दारात? अजून त्रास तिले."


१७ नोव्हेंबर

दिवसभर कोणाशी भाव केला नाही. भारतला वाटलं मला ताप आहे.


२० नोव्हेंबर

तिकिटं झाली. आदिलाबादचा एजंट तेलुगू, मी मराठी, दोघं हिंदीत भांडलो. बेल्याहून आदिलाबाद, तिथून बसनं नागपूर, नागपूरहून हावडा, हावड्याला गाडी बदलून गुवाहाटी. परतीचंही काढलं, दोघांचं. पाच दिवसांत दर्शन, भेट, सगळं. जयवंताला दाखवलं तर तिनं परतीच्या तिकिटाकडे पाह्यलंच नाही. खालचा बर्थ मिळाला काय, एवढंच विचारलं.


२२ नोव्हेंबर

कापसाच्या गाड्या लागल्यात रस्त्यावर, पार वळणापर्यंत. हंगामात चहा जोरात. एका गाडीवरून एक म्हातारा उतरला, धोतराचा सोगा खांद्यावर टाकून, आणि मला वाटलं देवाजीबाबाच आले. जयवंताचे वडील.

पैनगंगेकाठचा माणूस. बाजाराच्या दिवशी बैलगाडीनं बेल्याला यायचा. लेकीसाठी हुरडा, तुरीच्या शेंगा, कधी गूळ. दारात उभा राहून पोतं आत सरकवायचा. उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. आम्हाला लेकरू नव्हतं न. वर्षं गेली, नव्हतं. बाहेर लिंबाखाली बसायचा, शेजारची सोनाबाई तांब्या आणून द्यायची. लेक दारात उभी, बाप लिंबाखाली, मधे रस्ता. असे बोलायचे दोघं.

मग तिथून उठून माझ्या किटलीवर यायचा. चहा मागायचा. पहिल्यांदा मी त्याचं नाणं परत सरकवलं तर भरलेला ग्लास तसाच फळीवर ठेवला त्यानं. म्हणाला, "जवाईबापू, सौदा करा. सौद्यात पाप नाही."

तेव्हापासून घेत राह्यलो मी. घेतलं नसतं तर त्याचा चहा सुटला असता. सासऱ्याकडून चहाचे पैसे घेणारा म्हणून स्टँडवर हसायचे मला.

एका उन्हाळ्यात गेला. पुढच्या हिवाळ्यात मयूरी झाली. जयवंता बाळंतिणीच्या खाटेवर रडली ती पोरीच्या आनंदानं नव्हे. म्हणे, तहानलेला गेला माहा बाप. मग मी कोणत्या तोंडानं तिला सांगू की रीत सोड? तिच्यासाठी ती रीत नाही. बाप आहे तो तिचा.


२६ नोव्हेंबर

आधी नीट सांगतो.

सकाळी भारत म्हणाला, बाबा, एक जागा सापडली. लॉज नाही, घरगुती खोली. कामाख्येच्या डोंगराच्या खालच्या वस्तीत. यात्रेकरूंना भाड्यानं देतात, चूल वेगळी, आपलं आपण रांधायचं. हा पोरगा सांगितल्याबिगर वखारीतलं पोतं हलवत नाही, अन् खोली शोधून आणली! तेव्हाच कानाला खटकलं. पण म्हटलं, बहिणीची आठवण त्यालाही येतच असेल.

नंबर लावला. पलीकडं मॅनेजर म्हणवणारा माणूस. वयस्क, सभ्य, तिकडच्या वळणाची हिंदी. आवाजात खोटेपणा नाही, फक्त जरा घाई — पाठ केलेलं विसरू नये म्हणून माणूस बोलतो तशी. मी विचारलं, शौचालय कसं? बायकोचे गुडघे दुखतात. तो म्हणाला, एक मिनट. फोन हातानं झाकला, कोणाला तरी त्यांच्या भाषेत विचारलं, परत आला — कुर्सी वाला है, बाबूजी.

मासोळी? हमारे यहाँ मत सोचिए, चूल्हा नया है.

मग मी म्हटलं, एक और बात. मेरी घरवाली पीने का पानी साथ लाएगी. आपका पानी नहीं पिएगी.

त्यानं ते मागं कोणाला तरी सांगितलं. आणि मागून एक बाई म्हणाली —

"काऊन?"

एकच शब्द. हळू. लगेच हात पडला असेल तोंडावर, कारण पुढं काही नाही. मॅनेजर खोकला. म्हणाला, टीवी चल रहा है.

आसामच्या टीव्हीवर काऊन कोण म्हणतो? नागपूर सोडून पुढं गेलं की तो शब्द संपतो. माझ्या घरात जन्मलेला शब्द आहे तो. मयूरी दोन वर्षांची असताना दिवसभर तेच — बाबा, काऊन? चहा काळा काऊन? कावळा काळा काऊन? त्या आवाजाला मी पत्तीच्या गोदामात, डोळे बांधून ओळखेन.

तराजूत पत्ती होती. गिऱ्हाईक म्हणे, सेठ, पाव किलो म्हटलं होतं. पारडं पार खाली गेलेलं.


२७ नोव्हेंबर

रात्रभर जुळवलं.

खोली मयूरीच्या घराची. वरचा मजला. मॅनेजर म्हणजे शेजारपाजारचं कोणी, प्रांजितनं बसवलेला — प्रांजितचा आवाज मी ओळखतो हे त्यांना माहीत. भारत सामील. पोरीला आजोबांची गोष्ट मीच सांगितलेली, सौद्यात पाप नाही म्हणून. आईनं भाडं द्यावं, लॉज समजून राहावं, अन् राहावं मात्र लेकीच्या छपराखाली. म्हणून त्या दिवशी भांडली नाही ती. "बरं बाबा" म्हणाली.

अन् मी समजलो, दूर गेली!

वाटलं, धावत जाऊन भारतच्या पाठीवर थाप मारावी. मारली नाही. बाजारात एक शिकलो — समोरच्याच्या हातातलं पत्त्याचं पान दिसलं तरी नजर आपल्याच पानांवर ठेवावी.


२८ नोव्हेंबर

परत फोन लावला, स्पीकरवर, जयवंता शेजारी भाजी निवडत असताना. भाव करणं भाग होतं. मी भाव न करता काही घेतलं तर ती लगेच विचारेल, काय लपवता?

मॅनेजरनं भाडं सांगितलं. मी म्हटलं, इतके में तो पूरा आसाम आ जाएगा. तो हसला. खाली आला. मी अजून ओढलं. तो पुन्हा खाली. मनात म्हटलं, मागं उभी असशील तर ऐक पोरी, तुझाच बाप आहे, फुकट नाही येणार. जयवंतानं मला कोपरानं ढोसलं, जास्त ओढू नका, बिचारा देईन काय घरून? हीच बाई मेथीच्या जुडीवर एक रुपया सोडत नाही! थकली असेल, म्हटलं.

ठरलं. फोन ठेवल्यावर म्हणे, माणूस बरा वाटते.

मी म्हटलं, हो, घरच्यासारखा.


३ डिसेंबर

आता आनंद पचत नाही. आजपासून एक वेगळाच खडा टोचून राह्यला.

जयवंताला माहीत नाही. तिचा नेम आहे, तिच्या बापाचा आहे. ती लॉज समजून पाणी पिईल, झोपेल, न्हाईल. अन् मग कधीतरी कळेल. पोरगी बोलून जाईल, नाहीतर भिंतीवरचा फोटो. मग? आयुष्यभर जे जपलं ते आम्ही सगळ्यांनी मिळून फसवून मोडलं, असं होईल. मयूरी लेक आहे, तिला माफ करेल. मला करणार नाही. करूही नये.

सांगितलं तर ती जाणारच नाही. तिकीट फाडेल. परत चार वर्षं. आता आमच्या वयात चार वर्षं म्हणजे सगळीच.

न सांगावं तर एक रात्र तरी लेकीच्या छपराखाली झोपायला मिळते. सकाळी तिच्या पावलांचा आवाज ऐकायला मिळतो. टाच आधी टेकवते ती, लहानपणापासून. किती साधी गोष्ट मागून राह्यलो मी.

तराजू घेऊन बसलो आहे. कोणतंच पारडं टेकत नाही.


६ डिसेंबर

सामान पाहून डोकं फिरलं. पाच दिवसांसाठी तीन पिशव्या! डिंक, खारीक, मेथ्या, साजूक तूप बरणीत, वर जुनी मऊ लुगडी घडी घालून. मी म्हटलं, अवं, हे लुगडे कायले? म्हणे, थंडी असते तिकडं, अंगाखाली घ्याले. डिंक? मयूरीले देईन मंदिरावर. मी म्हटलं, देवीपुढं लाडू वळत बसशील काय?

"तुमी तुमचं पत्तीचं पोतं पाहा," म्हणे.

तिच्या आवाजात काहीतरी आहे. राग नाही. काय ते कळत नाही.


१० डिसेंबर

उद्या निघायचं. दोनदा सांगायला तोंड उघडलं. एकदा दारावर दूधवाला आला. दुसऱ्यांदा कोणीच आलं नाही, तरी नाही सांगितलं.

भारतला दुकानाच्या किल्ल्या दिल्या. तो म्हणाला, बाबा, निवांत या. खाली पाहून म्हणाला.


१३ डिसेंबर, हावडा स्टेशन

सांगितलं.

गुवाहाटीची गाडी यायला वेळ होता. बाकड्यावर बसलो. आजूबाजूला माणसांचा समुद्र, बंगाली, बिहारी, हमाल, पोती. जयवंता घरून आणलेल्या कॅनमधून घोट घोट पाणी पीत होती, पुरवून पुरवून. ते पाहून राहवलं नाही. हा कॅन त्या घरात जाऊन संपेल अन् मग ही विचारल्याबिगर नळ सोडेल, असं चित्र डोळ्यांपुढं आलं.

म्हटलं, ऐक. ती खोली लॉज नाही. मयूरीचं घर आहे. वरचा मजला. मला फोनवर कळलं, तिनं मागून काऊन म्हटलं. मी तुला सांगितलं नाही, कारण मला जायचं होतं. आता तू म्हणशील तसं. इथून परत फिरू म्हणशील तर फिरू. तिथं पोचून दुसरं लॉज पाहू म्हणशील तर पाहू. रागव, पण इथं रागव, पोरीच्या दारात नको.

मी तिच्याकडे पाहिलंच नाही. समोरच्या चहावाल्याची किटली पाहत बसलो.

तिनं झाकण लावलं कॅनचं. पिशवीत ठेवलं. म्हणाली, "झालं बोलून? मंग चहा घ्या एक. कोरड पडली असन घशाले."

एवढंच. परत फिरू म्हणाली नाही. येते म्हणाली नाही. खांद्यावर डोकं टेकून झोपली. आता गाडी लागतेय. मला तिच्या श्वासाचा आवाज ऐकू येतो, तो झोपेचा नाही. पण विचारायची हिंमत होत नाही.


१४ डिसेंबर, गुवाहाटी

दार प्रांजितनं उघडलं. मॅनेजर नाही, रजिस्टर नाही. मयूरी वर जिन्याच्या तोंडाशी. ती उतरू लागली तर जयवंता खालून म्हणाली, "तठीच थांब. एक पायरी उतरू नको."

मयूरीला तिसरा महिना आहे. डॉक्टरनं पडून राहायला सांगितलं आहे. दिवाळीनंतर लगेच मायलेकींना कळलं होतं, भारतलाही. खोली, भाडं, मॅनेजर, सगळं जयवंतानं ठरवलेलं. म्हणे, लेकरू झाल्यावर येऊन काय करू? मी तिले आत्ता पाह्यजे.

मला का नाही सांगितलं?

"मागच्या टायमाले तुमी अख्ख्या स्टँडले चहा पाजला फुकट. मंग सहा महिने मागच्या दारानं दुकानात गेले. याखेपी गप राहा."

पदराच्या गाठीतून पैसे काढून पोरीच्या हातावर ठेवले तिनं. बाळंतपणापर्यंतचं भाडं. भाव केला नाही. मग भिंतीला टेकून बसली अन् म्हणाली, प्रांजित, पाणी द्या.

परतीची तिकिटं दोन आहेत, जाणार मी एकटा.